दोन शहरांमधलं हवाई अंतर सांगणारी साधनं: किलोमीटर घ्या, तास तपासून घ्या

दोन दूरच्या शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं ढिगाने आहेत. त्यातली बरीचशी मी रोज वापरते. माझं मत आधीच सांगते: ती सांगतात ते अंतर जवळपास बिनचूक असतं. ती सांगतात तो वेळ मात्र अंदाज असतो, आणि तो अंदाज आहे हे पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. दोन्ही आकडे एकाच ठळक अक्षरांत शेजारी शेजारी छापलेले असतात, त्यामुळे वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

मला हे इतकं का लागतं, तर माझं काम तापमान सांभाळून माल पाठवण्याचं आहे. लशी, इन्सुलिन, प्रयोगशाळेत तपासायचे नमुने. पेटीच्या आत २ ते ८ अंश सेल्सिअस राहायला हवं, आणि पेटी ते किती तास राखेल हे ठरलेलं असतं. कुठली ७२ तासांची, कुठली ९६ तासांची. थंड केलेले जेल पॅक लावून झाकण बंद झालं की तास मोजायला सुरुवात. गोठलेला माल असेल तर उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, घालावा लागतो, आणि तो विमानात धोकादायक मालात मोडतो, यूएन १८४५ या क्रमांकाने. कारण त्याचा वायू होत जातो, म्हणून एका विमानात किती न्यायचा यालाही मर्यादा असते. म्हणजे जादा घालून निर्धास्त होता येत नाही. प्रवास दहा तासांचा की तेरा, हे आधी कळावंच लागतं.

नेहमीच्या गणकांपासून सुरुवात करते. त्यांची नावं घेत नाही, कारण दोष एकाचा नाही, सगळ्यांचा सारखाच आहे. हे गणक दोन ठिकाणांमधलं अंतर काढतात, त्याला एका ठरावीक वेगाने भागतात, बऱ्याचदा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास, आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास वर टाकतात. झालं उत्तर. तुमच्या गणकाचं असंच आहे का, हे तपासायला एक सोपी परीक्षा आहे. न्यूयॉर्क ते लंडन टाका, मग लंडन ते न्यूयॉर्क टाका. दोन्हीकडे एकच वेळ आला, म्हणजे गणकाला वारा ठाऊक नाही. प्रत्यक्षात विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात लंडनकडे येताना साधारण सात तास असतात आणि न्यूयॉर्ककडे जाताना आठ. अंतर तेच, ५,५०० किलोमीटरच्या थोडं वर.

हा फरक वरच्या हवेतल्या जेट स्ट्रीमचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा अरुंद, जोरकस पट्टा. विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्याची मोजमापं घेतली होती. त्यांनी ती १९२६ मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केली, आणि त्यामुळे जगात फारशी कुणी वाचली नाहीत. या वाऱ्याची ताकद किती, तर फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. विमानाने स्वतः काही जास्त जोर लावला नव्हता. आजूबाजूची हवाच त्याला घेऊन धावत होती.

‘जाताना वेळ वाचतो, येताना जातो, शेवटी सारखंच’ असं पुष्कळ जण म्हणतात. हे बरोबर नाही आणि कागदावर दोन ओळींत दिसतं. ५,५५० किलोमीटरचं अंतर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा ताशी १५०. वाऱ्याबरोबर जाताना वेग १,०५०, म्हणजे साधारण ५ तास १७ मिनिटं. वाऱ्याविरुद्ध ७५०, म्हणजे ७ तास २४ मिनिटं. दोन्ही मिळून १२ तास ४१ मिनिटं. वारा नसता तर १२ तास २० मिनिटं लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नफ्यापेक्षा नेहमी मोठा. ही २१ मिनिटं सरासरी वेगाच्या गणकात कधीच येत नाहीत.

आता ज्याची मनापासून शिफारस करते ते साधन, ग्रेट सर्कल मॅपर. दिसायला अगदी साधं, जुन्या वळणाचं संकेतस्थळ आहे. एक चौकोन, त्यात विमानतळांची तीन अक्षरी चिन्हं मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची, जेएफके-एसआयएन असं, आणि बटण दाबायचं. नकाशा उघडतो आणि रेषा दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याने इथे जरा थांबावं. न्यूयॉर्कहून सिंगापूरला निघालेली ही रेषा ना पूर्वेला जाते ना पश्चिमेला. ती जवळपास सरळ उत्तरेला निघते, उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून सरकते आणि आशियात वरून खाली उतरते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे कुणाला सुचणारही नाही. गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची वाट ही अशीच असते: पृथ्वीचा मध्य धरून तिचे बरोब्बर दोन भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा. खाली तक्त्यात अंतर येतं, १५,३४९ किलोमीटर.

हे साधन मला आवडतं ते त्याच्या सचोटीसाठी. ते आपण होऊन ‘इतक्या तासांत पोचाल’ असं छातीठोक सांगत नाही. जे भूमितीने निघतं ते देतं: अंतर, निघतानाची दिशा, रेषा. स्वल्पविराम देऊन टप्पे जोडता येतात, त्यामुळे मधल्या विमानतळावर थांबत जाणारा प्रवास किती वाकडा पडतो ते लगेच दिसतं. एखाद्या विमानतळाभोवती हव्या त्या अंतराचं वर्तुळही काढता येतं. गोलावरची वर्तुळं सपाट नकाशावर कशी विचित्र आकारांची होतात, हे मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम काढून दाखवते. उणं सांगायचं तर ज्याला विमानतळांची चिन्हं पाठ नाहीत त्याला सुरुवातीला शोधाशोध करावी लागते, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते तितकं सुखाचं नाही.

चिन्हं लिहायची सवय मात्र लावून घ्याच. शहराच्या नावाने शोधलं की गणक शहराचा मध्य धरतो, आणि विमान शहराच्या मध्यात उतरत नाही. टोकियोचे हानेदा आणि नारिता हे दोन विमानतळ एकमेकांपासून साठेक किलोमीटरवर आहेत. पंधरा हजार किलोमीटरच्या हिशेबात साठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पण एका विमानतळावर उतरलेली पेटी दुसऱ्यावरून पुढे जायची असेल, तर रस्त्यावरच दोन तास जातात. शिवाय एकाच नावाची शहरं असतात. लंडन कॅनडातही आहे, सिडनीही कॅनडात आहे, सान होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. नावावर चालणारे गणक यातलं पहिलं सापडेल ते उचलतात.

एककाचं तर फारच जपा. वर सांगितलेलं १५,३४९ किलोमीटरचं अंतर साध्या मैलांत ९,५३७ आहे आणि नॉटिकल मैलांत ८,२८८. विमानवाहतुकीचे कागद नॉटिकल मैलांत असतात, प्रवाशांसाठीची पानं साध्या मैलांत किंवा किलोमीटरमध्ये. नुसतं ‘मैल’ लिहून सोडून देणारी संकेतस्थळं मी वापरतच नाही. त्या मानाने पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांपाशी किंचित चपटी, यावर जो काथ्याकूट चालतो तो आपल्या कामाचा नाही. त्याने फार तर अर्धा टक्का फरक पडतो. पंधरा हजार किलोमीटरला पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे उड्डाणाची पाच मिनिटं.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळ्यांत जवळची वाट विमानाला मिळतेच असं नाही. हेलसिंकी ते टोकियो बघा. सरळ अंतर साधारण ७,८०० किलोमीटर, आणि ठरावीक वेगाचा गणक सव्वादहा तासांच्या आसपास सांगतो. फेब्रुवारी २०२२ पर्यंत प्रत्यक्ष वेळ त्याहूनही कमी, नऊ-साडेनऊ तास होता. मग रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं वळसा घालू लागली, काही चक्क उत्तर ध्रुवावरून. वेळ गेला तेरा तासांच्या घरात. गंमत म्हणजे १९८३ मध्ये याच कंपनीने टोकियोला विनाथांबा सेवा सुरू केली तीही ध्रुवावरूनच, डीसी-१० विमानाने, कारण तेव्हा सोव्हिएत आकाश बंद होतं. गणकाला यातलं काही माहीत नाही. १९८३ असो, २०१९ असो की आज, त्याचे सव्वादहा तास हलत नाहीत.

आकाश उघडं असलं तरी प्रत्येक ठिकाणावरून जाता येतं असंही नाही. विमानातला दाब कमी झाला तर वैमानिकाला लवकर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. हिमालय आणि तिबेटच्या पठारावर तेवढं खाली यायला जागाच नाही, म्हणून तिथून मार्ग कमी जातात. दोन इंजिनांच्या विमानांनी, एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ टप्प्यात ठेवायचा असतो. अटलांटिकवर तर रोजच्या वाऱ्याप्रमाणे दिवसातून दोनदा नवे मार्ग आखले जातात.

आणि लांबची वाट लवकर पोचवते, असंही होतं. माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, तेव्हा ते साधारण १३,९०० किलोमीटर पडायचं आणि समोरून वारा यायचा. मग त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर. पाठीशी वारा होता. अंतर भागिले वेग या हिशेबात हे उत्तर कुठून येणार? ज्या कुणाला वाटतं की किलोमीटर कमी म्हणजे वेळ कमी, त्याला मी हे एवढंच सांगते आणि पुढे समजवावं लागत नाही.

काही वेळा गणक अशा प्रवासाचा वेळ सांगतो जो कुणी करतच नाही. ब्वेनोस आइरेस ते टोकियो, सुमारे १८,३०० किलोमीटर. उत्तर येतं तेवीस तासांच्या वर. पण एवढं अंतर विनाथांबा पार करणारी नियमित प्रवासी सेवा जगात नाही. आज सर्वांत लांब चालते ती सिंगापूर-न्यूयॉर्क, पावणेएकोणीस तासांच्या आसपास. त्यासाठी सिंगापूर एअरलाइन्सने एअरबस ए३५०-९०० चा खास लांब पल्ल्याचा प्रकार घेतला: आसनं फक्त १६१, इकॉनॉमी वर्ग नाहीच, आणि पुढचा मालकक्ष वापरातून काढलेला. सगळं वजन इंधनासाठी. प्रवाशाला ते विमान सोयीचं. मला मात्र विचारावं लागतं की माझ्या पेटीला जागा आहे का. ऑस्ट्रेलियाच्या कंतास कंपनीने २०१९ मध्ये लंडनहून सिडनीला १९ तास १९ मिनिटांचं चाचणी उड्डाण केलं, तेही जेमतेम पन्नास माणसं घेऊन. तशी नियमित सेवा सुरू करायची त्यांची तयारी चालू आहे. तोपर्यंत सिडनी-लंडन म्हणजे मध्ये एक थांबा आणि रखडत बावीस-चोवीस तास. ‘विमानाचा वेळ’ आणि ‘प्रवासाचा वेळ’ हे दोन वेगळे रकाने असायला हवेत, आणि फार थोड्या ठिकाणी ते तसे आहेत.

मग वेळ कुठून घ्यायचा? झालेल्या उड्डाणांवरून. फ्लाइटअवेअर आणि फ्लाइटरडार२४ या दोन्ही ठिकाणी उड्डाणाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांत ते विमान प्रत्यक्षात कधी निघालं, कुठून गेलं, कधी उतरलं ते दिसतं. विमानं स्वतःची जागा रेडिओवरून सतत सांगत असतात आणि जगभर लोकांनी बसवलेले रिसीव्हर ते टिपतात. महासागराच्या मध्यावर रिसीव्हर नसतात, म्हणून तिथली रेषा कधी अंदाजाने जोडलेली असते. निघण्या-पोचण्याच्या वेळेला त्याने बाधा येत नाही. मला फ्लाइटअवेअर जास्त उपयोगी पडतं, कारण गेट सोडल्याची वेळ आणि धावपट्टी सोडल्याची वेळ ते वेगळी दाखवतं. वेळापत्रकात छापतात तो ब्लॉक टाइम गेट ते गेट असतो, त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही येते, आणि उशीर दिसू नये म्हणून कंपन्या त्यात थोडा वेळ हातचा राखून ठेवतात. एकाच क्रमांकाची आठवड्याभराची उड्डाणं खाली खाली वाचून पाहा. एकाच मार्गावर चाळीस-चाळीस मिनिटांचा फरक दिसतो. त्यातलं सर्वांत लांबलेलं उड्डाण मी हिशेबाला धरते.

पेटीत ठेवलेला डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, परत आला की मी त्याचा आलेख उघडते. दर काही मिनिटांनी एक बिंदू. हवेतले सगळे तास जवळपास सरळ रेषेत गेलेले असतात, मग ते नऊ असोत की सतरा. रेषा वर चढते ती दोनदा-तीनदा: माल विमानात चढायच्या आधी उघड्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, थांबतो तेव्हा, मधल्या थांब्यावर एका विमानातून दुसऱ्यात जातो तेव्हा, आणि कस्टम्सच्या दारात. जेल पॅक खरे झिजतात ते तिथे. म्हणून लांब पण थेट उड्डाण आणि दोन छोटे टप्पे यांत निवड असेल, तर हवेतले तास थोडे जास्त झाले तरी मी थेट उड्डाणाकडे वळते. कोणताही गणक हा सल्ला देत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही.

शेवटचा भाग घड्याळाचा. पोचण्याची स्थानिक वेळ सांगणारं साधन तपासायचं असेल तर सिडनी आणि लंडन ही जोडी घ्या. एक दक्षिण गोलार्धात, एक उत्तर गोलार्धात, दोघांचंही घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे सरकतं, पण त्यांचे उन्हाळे उलटे. त्यामुळे दोन शहरांमधला फरक वर्षात कधी नऊ तास, कधी अकरा, आणि मधले काही आठवडे दहा असतो. जे साधन तारीख न विचारता हा फरक सांगतं त्याचा उपयोग नाही. नेपाळसारखी पाऊण तासाची घड्याळं नीट धरली आहेत का तेही बघा. ऑकलंडहून लॉस एंजेलिसला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि विमान निघाल्याच्या आधीच्या स्थानिक वेळेला पोचतं. साधनाने तिथे तारीख बरोबर छापली पाहिजे. मी लॉगर सगळीकडे जागतिक प्रमाणवेळेवरच लावते आणि एअरवे बिलाशेजारी, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाशेजारी, हाताने तास लिहिते: झाकण कधी लावलं, पेटी कधी संपणार. स्थानिक वेळ फक्त पेटी घ्यायला येणाऱ्या माणसाला कळवण्यापुरती.

ग्रेट सर्कल मॅपरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. फ्लाइटअवेअरला चार, फ्लाइटरडार२४ ला चार. ‘अंतर आणि वेळ’ एका दमात सांगणाऱ्या गणकांना दोन, तेही अंतरासाठी. त्यांनी वेळेच्या आकड्याआधी ‘अंदाजे’ लिहिलं आणि जाण्या-येण्याचे दोन आकडे दिले, तर मी त्यांना पुन्हा वापरून बघेन.